एका बोटीचे दोन संसार

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारणीने भावनगरहून येताना बोटीवरचं एक कपाट आणलं. तिकडे अलंगच्या रस्त्याला मोडीत निघालेल्या बोटींच्या सामानाची दुकानंच दुकानं आहेत. पलंग, गाद्या, बश्या, काय हवं ते घ्या! कपाट पाहिलं आणि मला 'फ्रान्स' आठवली.

ही प्रवासी बोट १९६० साली सेंट नाझेरला पाण्यात उतरली, द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते. लांबी १,०३५ फूट. १९६२ पासून ल हाव्र ते न्यूयॉर्क अशी तिची ये-जा सुरू झाली. 'मोनालिसा'चं चित्र अमेरिकेला गेलं ते हिच्यातूनच. थाट तर असा, की उतारूंच्या कुत्र्यांचीही वेगळी व्यवस्था! पण विमानं आली, आणि समुद्रावर पाच दिवस काढायला वेळ कुणाला होता? त्यात १९७३ मध्ये तेल भडकलं, सरकारने हात आखडता घेतला आणि १९७४ ला बोट बंद झाली. खलाशांनी ती अडवून धरली, पण व्यर्थ. मग वर्षानुवर्षं नुसती धक्क्याला बांधून.

१९७९ मध्ये एका नॉर्वेच्या मालकाने ती घेतली, नाव ठेवलं 'नॉर्वे'. त्याने केलेला बदल आपल्यासारख्या काटकसरी बायकांनी ऐकावा असा आहे. चारांपैकी दोन पंखे काढले, पुढचं इंजिनघर बंद केलं. सहलीला निघालेल्यांना घाई कसली! तेल वाचलं. बेटांच्या उथळ बंदरात ती शिरेना, म्हणून उतारूंना किनाऱ्यावर न्यायला दोन लहान बोटी तिच्याच अंगावर चढवल्या. जुन्या नऊवारीची दुलई करावी तसंच हे. पहिला संसार बारा वर्षांचा, हा दुसरा तेवीस वर्षांचा!

२५ मे २००३ ला मायामीत तिचा बॉयलर फुटला. खाली राबणारी आठ माणसं गेली. पुढे २००६ मध्ये 'ब्लू लेडी' या नावाने ती अलंगला आली. तिच्या अंगात ॲस्बेस्टॉस फार, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००७ मध्ये परवानगी मिळाली आणि ती मोडली गेली.

आता कामाचं. तिथून सागवानी लाकूड, स्टीलची भांडी, बश्या खुशाल आणा. पण जुन्या बोटीचे राखाडी-पांढरे पत्रे, फळ्या, पाइपावरची गुंडाळण नको. नुसतं बघून ॲस्बेस्टॉस ओळखू येत नाही. घरात आधीच असेल तर कापू नका, भोक पाडू नका, घासू नका. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतं.

शेजारणीच्या कपाटाची पाठ नेमकी तसल्याच फळीची निघाली. ओट्याखाली बसावं म्हणून ती वीतभर कापायची होती, सुतार दारात उभा. बाई रुसली, पण सुताराला परत पाठवलं. कपाट सध्या जिन्याखाली आहे.