‘मी रेडिओ बोलतोय’ : निबंध पाठ झाला, ऐकणं राहून गेलं



‘मी रेडिओ बोलतोय’ हा आत्मवृत्तपर निबंध दरवर्षी कुठे ना कुठे येतोच. आणि येतो तो ठरलेल्या वाटेनेच. कारखान्यात जन्म, दुकानाच्या काचेमागे चार दिवस, मग एका घरात मानाची जागा, मग टीव्ही आला आणि मी अडगळीत गेलो. वीस वह्या तपासा, वीस रेडिओंचं आयुष्य सारखंच! यात मुलांचा दोष नाही. ज्या वस्तूचं बटण कधी फिरवलंच नाही, तिचं मनोगत ती कुठून आणणार?

मला वाटतं, आपण प्रश्नच चुकीचा विचारतो. रेडिओला काय वाटलं हे विचारण्याऐवजी एका घरातल्या सहा-सात माणसांनी एका रेडिओबरोबर दिवस कसा काढला, हे विचारलं पाहिजे. त्यात लिहिण्यासारखं खूप आहे.

१९५०-६० च्या सुमाराचं मुंबई-पुण्याकडचं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. रेडिओ म्हणजे लाकडी पेटी, फळीवर उंच ठेवलेली, वर भरतकाम केलेला रुमाल. छताजवळ किंवा गच्चीवर एरियलची जाळी. पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन्सचे पैसे भरायचे. बटण दाबलं की लगेच आवाज नाही. आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. (हे ‘थांबणं’ आजच्या मुलांना समजावून सांगणं सर्वांत अवघड जातं, हा माझा अनुभव.) सकाळी आकाशवाणीची ती ओळखीची धून. ती वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईत आलेल्या संगीतकाराची मानली जाते. मग भक्तिगीतं, बातम्या. दुपारी घरातल्या बायकांसाठी ‘वनिता मंडळ’, संध्याकाळी ‘कामगार सभा’, मुलांसाठी ‘गंमत जंमत’, कुठे शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, रात्री नभोनाट्य नाहीतर गाणं. पुढे मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी तर घरातलेच पाहुणे झाले. बाळ कुडतरकरांचा आवाज ऐकला की स्वयंपाकघरातूनही हसू यायचं.

आता इथे पालक लगेच म्हणतात, “बघा, तेव्हा सगळं कसं चांगलं होतं, आता नुसता मोबाईल!” हे मला पटत नाही. कारण त्या घरात बटण कुणाच्या हातात होतं, हे आपण सोयीने विसरतो. बहुतेक घरांत ते आजोबांच्या किंवा वडिलांच्या हातात असायचं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी घरी तीन प्रश्न विचारायला सांगितले होते: रेडिओ कुणाकडे होता, बटण कोण फिरवायचं, आणि काय ऐकायचं राहून गेलं? एका मुलीने लिहून आणलं, ‘आजीकडे रेडिओ नव्हता. ती शेजारच्या खिडकीखाली धान्य निवडत बसायची आणि ऐकायची. त्यांनी खिडकी लावली की कार्यक्रम संपला.’ ठरावीक साच्यातल्या कुठल्याही आत्मवृत्तात असं वाक्य सापडणार नाही.

आणि आकाशवाणीसुद्धा काही सगळ्यांची आवड जपत होती असं नाही. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री होते. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं ही त्यांची तळमळ खरी होती. १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. पण सिनेसंगीत मात्र आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झालं. मग श्रोत्यांनी काय केलं? काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. डिसेंबर १९५२ पासून बुधवारी रात्री आठला अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ लागायची. त्या वेळी घराघरांत काय चकमकी झडत असतील, याची कल्पना करा. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये आकाशवाणीलाच विविध भारती सुरू करावी लागली. शाळेत ‘हे ऐकू नका, ते बघू नका’ असे फलक लावताना मला हा इतिहास हटकून आठवतो. बंद केलेली गोष्ट मुलं दुसऱ्या स्टेशनवर शोधतातच.

पण त्याच आकाशवाणीने, त्याच काळात, ‘गीतरामायण’ही दिलं. पुणे केंद्र तेव्हा नवंच होतं, १९५३ मध्ये सुरू झालेलं. केंद्रावरचे सीताकांत लाड, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पहिलं गीत लागलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गीत, अशी छप्पन्न गीतं झाली. वर्षाचे आठवडे बावन्न, मग छप्पन्न कशी? त्या वर्षी अधिक महिना होता! मुलांना हा हिशेब जरूर घालावा, त्यांना मजा येते. कुणी सक्ती केली नव्हती, तरी लोक वेळेवर कामं आटपून रेडिओपाशी बसायचे. कुठे कुठे रेडिओला हार घातल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात. मला यात महत्त्वाचं वाटतं ते आठवडाभर वाट बघणं. एक गाणं ऐकायचं, ते आठवडाभर गुणगुणायचं, आणि पुढे काय येणार यावर घरात बोलायचं. आज छप्पन्नही गीतं एका बैठकीत ऐकता येतात. सोय आहे, नाही कशाला म्हणू? पण मधल्या सात दिवसांत घर जे बोलत होतं, ते त्या सोयीत येत नाही.

ऐकल्यावर बोलण्याचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट शिक्षकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. १९५६ मध्ये पुणे केंद्राच्या परिसरात, जवळजवळ दीडशे गावांत, युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, एकूण वीस. गावातली माणसं एकत्र बसून ऐकायची, लगेच त्यावर चर्चा करायची, आणि आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायची. तिथे रेडिओ बोलून थांबायचा आणि खरं काम त्यानंतर सुरू व्हायचं. अध्यापनशास्त्राच्या जाड पुस्तकांत जे ‘श्रवण कौशल्य’ म्हणून येतं, ते हेच नाही का? भाषेच्या चार कौशल्यांत श्रवण पहिलं, आणि वर्गात त्याच्या वाट्याला येते ती फक्त आपली ‘गप्प बसा!’ ही हाक. गप्प बसणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी रेडिओ परत आणा, असं मी म्हणणार नाही. ज्याच्या त्याच्या कानात आपापली वायर आहे, ती कुणी काढणार नाही. पण त्या एका पेटीमुळे एक गोष्ट आपोआप व्हायची. नातवाला आवडो न आवडो, आजोबांच्या बातम्या कानावर पडायच्या, आणि आजोबांनाही टेकाडे भावजी ऐकावे लागायचे. आपल्यासाठी नसलेलं ऐकण्याची सवय लागायची. आज मोबाईल ज्याला जे आवडतं तेच पुन्हा पुढे करतो. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाला घरातल्या सत्तर वर्षांच्या माणसाला काय आवडतं हे माहीतच नसतं. मला खरी काळजी या गोष्टीची वाटते, स्क्रीनच्या तासांची त्यामानाने कमी.

म्हणून यंदा मी आत्मवृत्त दिलं नाही. सातवीच्या मुलांचे गट केले आणि सांगितलं, दहा मिनिटांचा कार्यक्रम तयार करा, मोबाईलवर फक्त आवाज रेकॉर्ड करा. अट एकच: घरातल्या लहानापासून आजीपर्यंत प्रत्येकाला त्यातला निदान एक मिनिट आपला वाटला पाहिजे. आधी घरी जाऊन कुणाला काय आवडतं ते विचारा, मग लिहा. पालकांना विनंती एवढीच, की मुलं विचारायला आली तर “गुगल कर” म्हणू नका.

एका गटाचं क्रिकेट ठेवायचं की आजीचा अभंग, यावर जोरदार भांडण झालं. दोन तास त्यातच गेले. मी मध्ये पडले नाही.