पार्किन्सन आहे? मग घरात वजनकाटाही हवा

“डॉक्टर, बाबांचं वजन उतरलंय. बरंच झालं ना, शुगरही आटोक्यात राहील!” पार्किन्सनच्या रुग्णांचे नातेवाईक असे अनेकदा सांगतात. मला मात्र ते ऐकून काळजी वाटते.

पार्किन्सन म्हणजे फक्त हात थरथरणे नव्हे. या आजारात वास येणे कमी होते, त्यामुळे जेवणाला चव लागत नाही. गिळायला त्रास होतो, बद्धकोष्ठता असते, मन उदास राहते. थरथरत्या हातातून आमटी सांडते, मग माणूस संकोचाने अर्धपोटी उठतो. शिवाय स्नायूंच्या ताठरपणात आणि अनावश्यक हालचालींत ऊर्जा खर्च होते ती वेगळीच.

प्रश्न केवळ अशक्तपणाचा नाही. ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ साली ३५८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले होते. पहिल्या वर्षात ज्यांचे वजन ३ टक्क्यांहून अधिक घटले, त्यांची बौद्धिक क्षमता वजन टिकून राहिलेल्यांपेक्षा पुढे अधिक वेगाने कमी झाली. ६० किलोच्या माणसात ३ टक्के म्हणजे जेमतेम १.८ किलो!

वजन घटल्यामुळेच स्मृती जाते, असे यातून सिद्ध होत नाही. कदाचित एकच आजार दोन्ही घडवत असेल. पण धोक्याची घंटा म्हणून वजनकाटा स्वस्त आणि सोपा आहे. तरीही आम्ही डॉक्टर थरथर पाहतो, गोळ्या बदलतो आणि वजन लिहायचे विसरतो. ही चूक आमची आहे.

तुम्ही एवढे करा :

• दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहा. प्रयत्न न करता दीड-दोन किलो घटले, तर डॉक्टरांना सांगा.

• प्रथिनांमुळे लेव्होडोपाचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून काहीजण डाळ-दूधच सोडतात. तसे करू नका. गोळी जेवणाआधी अर्धा तास घेता येते का, ते डॉक्टरांना विचारा.

• थोडे थोडे, मऊ, तूप घातलेले अन्न दिवसातून पाच-सहा वेळा द्या. मधुमेह किंवा हृदयविकार असेल, तर आहार विचारून ठरवा.

• जेवताना ठसका लागत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्या.

पार्किन्सनच्या रुग्णाला “बारीक झालात, छान दिसता” म्हणण्याआधी एकदा विचारा, “जेवण जातंय ना?”