पद्धत आणि वेग

अमेरिकेतील ‘यूपीएस’ या पार्सल पोहोचविणाऱ्या कंपनीची चालकांसाठीची कार्यपद्धती सर्वश्रुत आहे. गाडीतून उडी मारावयाची नाही. दांडा धरून पायरीने उतरावयाचे. तेथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. म्हणून समोरची रहदारी छेदणारे डावे वळण शक्यतो टाळावयाचे. वरवर पाहता हा वेळेचा अपव्यय वाटेल. वस्तुतः त्या वळणासाठी ताटकळण्यात वेळ व इंधन खर्ची पडते आणि अपघाताचा धोकाही वाढतो.

तथापि, नाताळात पार्सलांचा ढीग वाढला की दिवसाला १०० हून अधिक ठिकाणी थांबणाऱ्या चालकाला प्रत्येक उडीत वाचणारे दोन सेकंदही मोलाचे वाटू लागतात. त्यांची किंमत पुढे त्याच्या गुडघ्यांना मोजावी लागते.

अशा वेळी केवळ चालकाला दोष देणे न्याय्य नाही. पद्धत पाळून जेवढे काम होते, तेवढेच दिवसाचे उद्दिष्ट असावे. अन्यथा नियम कागदावर उरतो आणि अपघातानंतर चालकाविरुद्धचा पुरावा ठरतो. चालकानेही वेग साधावा तो पूर्वतयारीतून: पार्सले थांब्यांच्या क्रमाने लावून, पुढील पत्ता आधीच वाचून.

बँकेच्या रोखपालाला हे तत्त्व नवे नाही. रांग कितीही लांबली, तरी नोटा मोजूनच द्यावयाच्या. त्यात गेलेले क्षण सायंकाळी हिशेब जुळताना परत मिळतात. रांगेतील ग्राहकाने आणि दारात पार्सलाची वाट पाहणाऱ्यानेही तेवढा धीर धरावयास हवा.