बाबथेचे चित्र

आमच्या धाकट्या नातीस चित्रकलेचा नाद आहे. गेल्या महिन्यात तिने प्राचीन काळच्या एका यहुदी स्त्रीचे चित्र काढून आमच्यापुढे आणून ठेवले. डोक्यावर पदर, कमरेवर घागर, मागे विहीर आणि दोन उंट. चित्र सुरेख होते; पण "ही आहे कोण?" असे आम्ही विचारताच बिचारी गप्प झाली. कोणाही स्त्रीचे म्हणून काढलेले चित्र बहुधा कोणाचेच नसते. तेव्हा आम्हीच तिला एक नाव सुचविले, आणि त्या नावाची हकीकत सांगता सांगता दोन संध्याकाळ गेल्या. तीच आज वाचकांस सादर करतो.

नाव बाबथा. अरामी भाषेत याचा अर्थ डोळ्यातील बाहुली असा लावतात. आपल्या संस्कृतातील कनीनिका शब्दही मुलगी आणि डोळ्यातील बाहुली असे दोन्ही अर्थ देतो, हे जाणत्या वाचकांच्या ध्यानात येईलच. ही बाई शिमोनाची मुलगी. मृतसमुद्राच्या दक्षिण टोकाशी माहोझा नावाच्या गावी राहणारी. गाव नबाती राजांचे होते, इ. स. १०६ साली ते राज्य रोमन लोकांनी खालसा करून त्यास अरेबिया प्रांत हे नाव दिले. बापाची खजुरीची आगरे होती. त्यांतील एक त्याने इ. स. ९९ मध्ये विकत घेतल्याचे खरेदीखत आजही उपलब्ध आहे.

हे सर्व कळावयाचे कारण असे की, १९६१ साली पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांना नाहल हेवेर येथील कड्यातल्या एका गुहेत, खडकाच्या फटीत दडवून ठेवलेली एक चामडी पिशवी सापडली. तीत पस्तीस कागद होते: सव्वीस ग्रीक, सहा नबाती, तीन अरामी. खरेदीखते, बक्षीसपत्र, विवाहाचा करार, कर्जरोखा, समन्स, पावत्या. लिहिण्याची रीतही पाहण्यासारखी. एकाच कागदावर मजकूर दोनदा लिहावयाचा. वरचा भाग गुंडाळून दोऱ्याने बांधून टाकावयाचा आणि पाठीवर साक्षीदारांनी सह्या करावयाच्या. खालचा भाग नित्य वाचण्यास मोकळा. वाद पडलाच तर दोरा सोडून आतील मजकूर ताडून पाहावा. आपल्या ताम्रपटांच्या कडीवरील मुद्रेची ज्यांना माहिती आहे, त्यांना या सावधगिरीचे मर्म सांगावयास नको.

बाबथेचा पहिला पती येशुआ हा इ. स. १२४ च्या सुमारास वारला. मागे येशुआ नावाचाच एक लहान मुलगा राहिला. पेत्रा नगराच्या सभेने त्या पोरक्या मुलाचे दोन पालक नेमले, एक यहुदी व एक नबाती. मुलाचा पैसा त्यांच्या हाती. पोषणासाठी ते महिन्यास दोन दिनार देत. एवढ्यात भागत नाही म्हणून बाईने थेट प्रांताधिकाऱ्याच्या न्यायासनापर्यंत धाव घेतली. इ. स. १२५ मधील तिचे निवेदन वाचून आम्ही थक्क झालो. तीत रडगाणे नाही, हिशेब आहे. तुम्ही दर शेकडा दरमहा अर्धा दिनार देता. ती रक्कम माझ्या स्वाधीन करा, मी माझी मालमत्ता तारण ठेवते आणि दीड दिनाराप्रमाणे मुलावर खर्च करते, म्हणजे तो आपल्या घराण्यास साजेसा वाढेल, असा त्याचा आशय. खाली एलाजार नावाच्या गृहस्थाने तिच्या वतीने लिहिले आहे. कारण तिला अक्षरओळख नाही.

येथे आम्ही नातीस सांगता सांगता थांबलो. आमची एक मावशी होती. वैधव्य लवकर आलेले. दीरांकडून दरमहा तीस रुपये पोटगी आणि पदरी एक मुलगा. कागद एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ती उशाशी ठेवी. आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना तिने आम्हास पत्र लिहावयास बसविले. "तीस रुपयांत पोर शिकत नाही. शेताचा हिशेब दाखवा, नाहीतर मी चार माणसे जमवीन." हे तिचे शब्द. आम्हास वडील माणसांची भीड पडली. आम्ही "कृपा असावी, जमल्यास विचार व्हावा" असे लिहिले. "वाच बघू," ती म्हणाली. आम्ही कागदाकडे पाहून तिचेच शब्द म्हणून दाखविले. तिने समाधानाने अंगठा उठविला. पोटगी तीसच राहिली.

असो. बाबथेने पुढे एन गेदी येथील यहूदा नावाच्या गृहस्थाशी विवाह केला. त्यास मिर्याम नावाची बायको व शलामझियोन नावाची मुलगी होती. इ. स. १२७ च्या शिरगणतीत बाबथेने आपली चार आगरे रब्बाथ-मोआब येथे जाऊन नोंदविली. नवरा पालक म्हणून बरोबर. आपल्याकडील मनूप्रमाणे तेथील कायद्यासही स्त्री एकटी व्यवहार करते हे खपत नसे. परंतु पुढच्याच फेब्रुवारीत त्याच नवऱ्याने तिच्याकडून तीनशे दिनार घेतले, तेही रीतसर कागद करून! सहा आठवड्यांनी शलामझियोनचे लग्न झाले. सावत्र मुलीच्या लग्नास हा पैसा उपयोगी पडला असावा, असा आमचा तर्क आहे.

इ. स. १३० पर्यंत यहूदाही वारला. बाबथेने विवाहधन व कर्ज यांपोटी त्याची आगरे ताब्यात घेऊन त्यांतील खजूर विकला. सवतीने घरातील चीजवस्तू नेली म्हणून तिच्यावर समन्स काढले. सवतीनेही उलट जबाब दिला. बाई भांडखोर होती काय? असेलही. पण भांडली नसती तर पिशवीत काही उरले नसते.

शेवटची तारीख १९ ऑगस्ट १३२. ती एक पावती आहे: मुलाच्या पोषणाचे तीन महिन्यांचे सहा दिनार पोहोचले. म्हणजे महिन्यास दोनच. सात वर्षे झगडून आकडा तसूभर हलला नाही. आणि रोमन कायद्यातील पालकाविरुद्धच्या दाव्याच्या मसुद्याच्या तीन प्रती तिने तरीही जपून ठेवल्या होत्या.

त्याच सुमारास बार कोखबाचे बंड पेटले. माणसे जीव घेऊन गुहांत शिरली. कड्यावर रोमन सैन्याने तळ ठोकला. गुहेत घरांच्या किल्ल्या, आरसा, चपला आणि सूत सापडले, सांगाडेही सापडले. पिशवी न्यावयास बाबथा परत आली नाही. तिची आगरे ज्याच्या अमदानीत नोंदली गेली, त्या फ्लोरेंटिनस प्रांताधिकाऱ्याची कोरीव कबर पेत्रा येथे आजही उभी आहे.

नातीने दुसरे चित्र काढले आहे. घागर गेली, उंट गेले. खजुरीखाली एक लेखनिक बसला आहे. समोर बाई, मांडीवर पिशवी, नजर त्याच्या लेखणीच्या टोकावर. लेखनिकाचा चेहरा अजून व्हावयाचा आहे. मावशीची गोष्ट आम्ही तिला सांगितलेली नाही.