कार्यकर्ता कोणाला म्हणावे?

सामाजिक कार्यकर्त्यांच्या चरित्रांना आणि आत्मकथनांना मराठीत वाचक नेहमीच लाभला आहे. मात्र या लेखनाविषयी समीक्षा बोलू लागली, की तिचा शब्दसंग्रह एकाएकी आटतो. त्याग, ध्यास, व्रत, समर्पण. प्रस्तावना आणि मलपृष्ठे यांतून हे चार शब्द निघतात आणि एम. ए.च्या उत्तरपत्रिकांत मुक्कामाला येतात.

त्यागाला आमची हरकत नाही. पण त्याग हाच चरित्राचा प्रवेश-परवाना ठरावा, हे आम्हांस मान्य नाही. ज्याने काही सोडले तो कार्यकर्ता, त्याचे चरित्र होते. ज्याच्यापाशी सोडण्याजोगे काही नव्हतेच, तो तितकाच लढूनही 'ग्रामस्थ', 'आदिवासी बांधव', फार तर 'धरणग्रस्त' राहतो. १९२१ साली मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. त्याचे नेते पां. म. बापट 'सेनापती' म्हणून अजरामर झाले, ते उचितच. परंतु ज्या मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या आणि जे तुरुंगात गेले, त्यांतील दोन नावे तरी आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि पुढे त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वर्गात हे पुस्तक निघाले, की चर्चा रेंगाळते ती बाईंच्या शिक्षणावर, त्यांच्या सुखवस्तू घरावर. वास्तविक शीर्षकातला 'माणूस' म्हणजे बाई नव्हेत. तो वारली आहे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा-बायकोने सावकाराकडे राबत राहायचे, त्यालाच 'लग्नगडी' म्हणत. ती गुलामी आणि वेठ १९४५ साली झुगारली ती वारल्यांनी. त्याच वर्षी तलवाड्याला गोळीबार झाला, तेव्हा मेले तेही वारलीच. बाईंनी आपल्या कथनाला हे शीर्षक दिले यातच त्यांची वाङ्मयीन भूमिका आहे. आमच्या मते या पुस्तकाचे परीक्षण येथून सुरू व्हायला हवे.

आता नर्मदेकडे पाहू. १९९३ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज थांबले, २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धरण बांधू दिले आणि २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. अशा लढ्याचे काय करावे, हे त्यागकथेला उमगत नाही. तिला विजय हवा किंवा हौतात्म्य. मधल्या वर्षांत पाहण्या, अर्ज, बुडिताच्या आणि पुनर्वसनाच्या याद्या, जीवनशाळा हे सारे चालले होते. ते कंटाळवाणे, चिवट काम हेच कार्यकर्त्याचे खरे आयुष्य असते, आणि त्याचे लेखन अवघड असते.

म्हणूनच नंदिनी ओझा यांचे 'लढा नर्मदेचा' आम्हांला महत्त्वाचे वाटते. ओझा स्वतः आंदोलनाच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या होत्या. येथे त्या ऐकणाऱ्याच्या जागी बसतात. सांगतात ते नंदुरबार जिल्ह्यातील निमगव्हाणचे केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे. बाहेरून कोणी आले आणि लोक जागे झाले, एवढ्यावर ज्यांची कथा संपत नाही, असे हे निवेदक. सांगितले एकाने, मांडले दुसऱ्याने, तर लेखक कोण, ही अडचण खरीच. पण १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हाही प्रचलित निकष अपुरेच पडले होते, आणि समीक्षेला (कुरकुरत का होईना) ते बदलावे लागले.

'जेव्हा माणूस जागा होतो'च्या शेजारी 'लढा नर्मदेचा' लावावे, अशी सूचना आम्ही अभ्यास मंडळासाठी लिहून ठेवली आहे. हा वाङ्मयप्रकार कोणता, असे बैठकीत विचारले जाईलच. मौखिक इतिहास, असे आम्ही सांगू. मग इतिहास विभागाकडे पाठवा, असे कोणी तरी म्हणेल, आणि त्यावर भांडण्याची आमची तयारी आहे.