पहिल्या युनिटआधीचे 517 रुपये

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



वीज दरवाढीची चर्चा दरवर्षी प्रतियुनिट किती पैसे वाढले, एवढ्यावरच होते. बुलढाणा तालुक्याच्या टोकाला, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळ असलेल्या धाडसारख्या गावात छोट्या दुकानदाराला खरा चिमटा बसतो तो बिलातल्या दुसऱ्याच ओळीचा. ती ओळ म्हणजे ‘स्थिर आकार’. 2024-25 च्या दरपत्रकात महावितरणच्या 20 किलोवॉटपर्यंतच्या वाणिज्यिक ग्राहकाला तो महिना 517 रुपये होता. शटर उघडा नाहीतर बंद ठेवा, रक्कम तीच.

एका शिलाई दुकानाचा हिशेब मांडतो. मोटारीचे मशीन, एक पंखा, एक-दोन दिवे आणि अधूनमधून इस्त्री, मिळून महिन्याला 60 युनिट धरू. 8.52 रुपये वीज आकार आणि 1.17 रुपये वहन आकार धरून 581 रुपये 40 पैसे होतात. त्यात 517 मिळवले की 1,098 रुपये 40 पैसे, म्हणजे युनिटमागे 18 रुपये 31 पैसे. वर 21 टक्के वीज शुल्क, आणि ते स्थिर आकारावरसुद्धा! आता त्याच रस्त्यावर महिन्याला 600 युनिट जाळणारे, फ्रिज-एसीचे मोठे दुकान घ्या. त्याला शुल्काआधी युनिट पडते 10 रुपये 55 पैशांना. दोघांचे दरपत्रक एक, वर्गवारी एक. तरी शिंप्याची वीज पाऊणपट महाग.

घरांचेही फारसे वेगळे नाही. पहिल्या 100 युनिटांचा दर कमी ठेवण्यामागे गरिबाला सवलत देण्याचा हेतू आहे, आणि तो योग्यच आहे. पण त्याच दरपत्रकात सिंगल फेज घरगुती ग्राहकाचा स्थिर आकार 128 रुपये होता. 40 युनिट वापरणाऱ्या घराला तो धरून युनिट पडते 9 रुपये 8 पैशांना, तर 200 युनिट वापरणाऱ्याला 9 रुपये 31 पैशांना. पाचपट वापरात फरक अवघा 23 पैशांचा. म्हणजे टप्प्यांच्या दराने आयोग जे देतो, ते स्थिर आकार बहुतांशी परत काढून घेतो. हे आयोगाच्या मनात असेल असे मला वाटत नाही. पण बिलात घडते ते हेच.

महावितरणचे यावरचे म्हणणे ठाऊक आहे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. खांब, तारा, रोहित्रे यांचा खर्च कोणी वीज वापरली नाही म्हणून थांबत नाही. वीज खरेदीच्या करारांतही ठरलेला आकार द्यावाच लागतो. कबूल. पण रोहित्र किती क्षमतेचे बसवायचे, तार किती जाड ओढायची, हे ठरते ते जोडलेल्या भारावरून. अर्ध्या किलोवॉटचे दुकान आणि 15 किलोवॉटचे दुकान यांचा या खर्चातला वाटा सारखा कसा? मीटर वाचणे आणि बिल छापणे यांचा खर्च तेवढा दोघांचा सारखा. तो वेगळा दाखवून सर्वांकडून सारखा घ्यावा, त्याला कोणाची हरकत नसेल. शिवाय 20 किलोवॉटच्या वर हाच आकार भाराप्रमाणे लागतो. तत्त्व मान्यच आहे, फक्त ते छोट्यापर्यंत उतरलेले नाही. दिल्लीत घरगुती ग्राहकांनाही स्थिर आकार किलोवॉटवर लावतात. दोन किलोवॉटपर्यंत तो किलोवॉटमागे 20 रुपये आहे.

मग महसुलाची तूट कोण भरणार? तूट येण्याचे कारणच नाही. एकूण वसुली तेवढीच ठेवून ती भाराच्या प्रमाणात वाटायची आहे. काही मोठ्या दुकानांचा आकार वाढेल, हे लपवण्यात अर्थ नाही. लोक मंजूर भार कमी दाखवतील, ही शंका मात्र आता जुनी झाली. नव्या स्मार्ट मीटरमध्ये महिन्यातील कमाल मागणीची नोंद होते, तीवरून भार ठरवता येईल. या मीटरचा ग्राहकाला काही उपयोग व्हायचा असेल, तर तो इथे होऊ द्या. कायद्याची अडचणही दिसत नाही: विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 62(3) मध्ये ग्राहकांत फरक करण्याचे जे आधार दिले आहेत, त्यांत भारांक आणि एकूण वापर हे दोन्ही आहेत.

2025 मध्ये 28 मार्चला दर आदेश आला, 2 एप्रिलला त्याला स्थगिती मिळाली आणि 25 जूनला फेरविचाराचा आदेश निघाला. या धांदलीत प्रतियुनिट पैशांवर रणे माजली. स्थिर आकाराची घडण होती तशीच राहिली. ज्यांना ती जाचते ते सुनावणीला पोहोचत नाहीत, हे त्यामागचे एक कारण आहे. आमच्या विभागाची सुनावणी जिथे होते ती अमरावती धाडहून दोनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि एका दिवसाचा धंदा बुडवून इतक्या लांब जाणे शिंप्याला परवडत नाही.

म्हणून आयोगाला विनंती आहे, की 20 किलोवॉटपर्यंतच्या वाणिज्यिक जोडण्यांपैकी एक, दोन आणि पाच किलोवॉटच्या आतल्या किती, ही आकडेवारी महावितरणकडून मागवून जाहीर करावी. पुढील दरनिश्चितीत दोन किलोवॉटच्या आतील दुकानांसाठी आणि महिना 100 युनिटांच्या आतील घरांसाठी स्थिर आकाराचा वेगळा, खालचा टप्पा करावा. आणि त्या प्रस्तावावरची एक तरी सुनावणी बुलढाण्यात घ्यावी.

आपला,
एक वीजग्राहक, धाड (ता. जि. बुलढाणा)