काळ्या सातबाऱ्याला पिवळी शाई

परवा बाभुळगावला घरी गेलो होतो. बाबांना पीककर्जासाठी सातबाऱ्याची प्रिंट हवी होती. सातबारा म्हणजे शुद्ध काळंपांढरं प्रकरण. पण प्रिंटर म्हणतो, पिवळी शाई संपली, आधी ती बदला! आता बोला.

बाबा म्हणाले, "नवीन कायले पायजे? सिरिंजनं भर ना." घरात रिफिलची शाई होती, भरली. तरी ढिम्म. कारण बऱ्याच कार्ट्रिजची चिप शाई मोजतच नाही, किती थेंब उडाले त्याचा फक्त हिशोब ठेवते. हिशोब शून्यावर आला की टाकी काठोकाठ असली तरी कार्ट्रिज 'रिकामं'.

नोझल वाळू नये म्हणून प्रिंटर आपणहून साफसफाई करतो आणि त्यात शाई घालवतो, ते मला पटतं. आमच्याकडच्या मे महिन्यात माणूस वाळतो, शाईचं काय घेऊन बसलात! पण काळ्या प्रिंटसाठी पिवळ्यावर अडून बसणं ही तांत्रिक गरज मला तरी वाटत नाही. ती एक 'इफ' कंडिशन आहे, आणि ती आपल्यासारख्याच कुणीतरी पगार घेऊन लिहिलीये.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये लेक्समार्कच्या खटल्यात सांगितलं, की एकदा कार्ट्रिज विकलं की त्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पुन्हा भरून विकणाऱ्याला त्या हक्काने अडवता येणार नाही. कायद्याचं कुलूप निघालं, चिपमधलं तसंच राहिलं.

असो. मी फोरम धुंडाळत बसलो तोवर बाबा झेरॉक्सवाल्याकडून सातबारा घेऊनही आले. त्याच्याकडे बाटलीने शाई ओतायचा टाकीवाला प्रिंटर आहे.